पुरानंतरची ओल

ठाणें आणि कल्याण हीं दोन्ही गांवें पाण्याच्या आधारानें वसलीं आणि पाण्याच्या आधारानेंच मोठीं झालीं. कल्याणच्या बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक प्रवासग्रंथांत सांपडतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें आजहि वाचतां येतात. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, पुढच्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत पोंचली, आणि तेव्हांपासून या दोन गांवांचें नशीब मुंबईशीं बांधलें गेलें. बंदर, किल्ले, आगगाडी यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु ज्या पाण्यानें वैभवाचा हा मार्ग उघडला तेंच पाणी कांहीं वर्षांच्या अंतरानें उंबरठा ओलांडून घरांत शिरतें, आणि ओसरून गेल्यावरहि भिंतींत, लाकडांत, कपाटांतल्या पुस्तकांत महिनोन् महिने ठाण मांडून बसतें. या ओलीचा आणि ती घालविण्याच्या उपायांचा इतिहास लिहावा असें फारसें कोणास वाटलेलें दिसत नाहीं. विषय क्षुल्लक वाटला असेल; तो क्षुल्लक नाहीं असें आमचें मत आहे.

पूर डोळ्यांना दिसतो, ओल दिसत नाहीं. २००५ सालच्या जुलैच्या २६ तारखेचा पाऊस ज्यांनीं अनुभवला त्यांना तो विसरणें शक्य नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तेवढ्याच वेळांत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. त्याच दिवशीं उल्हास नदी आपलें पात्र सोडून बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांत शिरली. पुढें २०१९ च्या जुलैंत याच नदीच्या पुरानें महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली व हजाराहून अधिक उतारूंना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. अशा दिवसांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु पुढच्या सहा महिन्यांचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर उमटलेली तपकिरी रेघ, फुगून न लागणारा दरवाजा, एकमेकींस चिकटून विटेसारख्या झालेल्या वह्या, आणि खरेदीखताच्या कागदावर पसरलेली शाई, हा त्या पुराचा उत्तरार्ध होय. आणि मध्यमवर्गीय कुटुंबाचें नुकसान बहुधा या उत्तरार्धांतच होतें. भांडीं धुतां येतात. आजोबांच्या हातची वही धुतां येत नाहीं.

आमच्या पूर्वजांना ओलीचें भय ठाऊक नव्हतें असें नाहीं. किंबहुना कोंकणांतलें जुनें घर म्हणजे ओलीविरुद्ध बांधलेला एक किल्लाच होता. जोतें उंच, छपराचा उतार तीव्र, पाखे भिंतीपासून चांगले पुढें आलेले, पुढेंमागें पडवी. मृगापूर्वीं कौलें शाकारून घ्यावयाचीं, पावसाच्या बाजूच्या भिंतीस झावळ्यांच्या झडी बांधावयाच्या, आणि धान्य, मसाले, सरपण यांची बेगमी करून माळ्यावर चढवावयाची, हा ज्येष्ठांतला क्रम ठरलेला असे. पोथ्या तांबड्या कापडाच्या रुमालांत घट्ट बांधून ठेवीत, मध्यें वेखंडाचा तुकडा टाकीत. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखकानें घातलेला तो प्रसिद्ध श्लोक, ज्यांत पुस्तक स्वतःच्या तोंडानें तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून रक्षण मागतें, पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. पाण्याला त्यांत तेलाच्या जोडीचें स्थान आहे. लेखक देशावरचा असो कीं कोंकणांतला, या शत्रूविषयीं मतभेद नव्हता.

या व्यवस्थेंत एका गोष्टीकडे आम्हांस विशेष लक्ष वेधावयाचें आहे. ती म्हणजे चूल. स्वयंपाकघरांत पहांटेपासून रात्रीपर्यंत विस्तव असे. त्यावरच्या फळीवर ओलीं लांकडें वाळत, बाळंतिणीच्या खोलींत शेगडी पेटलेली असे, मुलांचे कपडे टोपल्यावर पसरून खालीं निखारे ठेवीत. धुरानें डोळे चुरचुरत हें खरें. पण हा विस्तव म्हणजे सबंध घराचें वाळवणयंत्र होतें, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नसेल. श्रावणांतली सत्तावीस अंशांची ओली हवा नुसती बत्तीस अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यांतलें पाणी तितकेंच राहूनहि तिचा ओलसरपणा शेंकडा ८८ वरून शेंकडा ६७ च्या आसपास उतरतो. ही किमया चूल दररोज करीत असे. चुलीच्या जागीं गॅसची शेगडी आली, कौलांच्या जागीं सिमेंटची गच्ची आली, माळ्याच्या जागीं वरच्या मजल्यावरचे शेजारी आले, आणि डोळे चुरचुरावयाचे थांबले. पण त्याबरोबर घराचा तो अहोरात्र चालणारा वाळवणाचा कारखानाहि बंद पडला. आम्ही चुलीचें गुणगान करीत नाहीं. बायकांचीं फुफ्फुसें त्या धुरानें किती बिघडलीं याचा हिशेब कोणी मांडला तर तो भयंकर निघेल. एवढेंच म्हणणें कीं, जुन्या घराचें जें काम विस्तव करी तें नव्या घरांत कोणी करीत नाहीं.

पुराच्या बाबतींत जुन्या पद्धतीची मर्यादाहि लवकर दिसून येते. तिचा शेवटचा भरंवसा उन्हावर. भाद्रपद सरतां सरतां ऊन कडक झालें कीं गाद्या, गोधड्या, पोथ्या, डाळी सर्व अंगणांत येत. परंतु पूर येतो तो जुलै-ऑगस्टांत, आणि ऊन येतें तें सप्टेंबर-ऑक्टोबरांत. मधले दोन महिने बुरशीचे. पुण्यास १९६१ च्या जुलैच्या १२ तारखेस पानशेतचें धरण फुटून जो हाहाकार झाला त्यांत मातीच्या भिंतींचीं कित्येक जुनीं घरें पाण्याच्या लोंढ्यानें कोसळलींच, पण पाणी ओसरल्यावरहि भिजलेल्या मातीला स्वतःचा भार सोसेना म्हणून कित्येक भिंती मागाहून बसल्या. पुण्याचा पाऊस ठाण्याच्या मानानें थोडा. ठाण्यांत तर जुलैंत भिजलेल्या वस्तूस सूर्यदर्शनाची वाट पाहावयास सांगणें म्हणजे तापाच्या रोग्यास दिवाळीनंतर औषध देतों म्हणून सांगण्यासारखें आहे.

येथें हवेच्या स्वभावाचें थोडें विवेचन केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हवेंत पाणी असतें हें सर्वांस माहीत. तें किती असतें हें मोजण्याचें साधन युरोपांत अठराव्या शतकांत तयार झालें. जिनीव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानें माणसाचा केस ओल लागली कीं लांबतो या गुणाचा उपयोग करून केसाचें आर्द्रतामापक केलें आणि १७८३ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. पुढें एक कोरडा व एक ओल्या चिंधीनें गुंडाळलेला असे दोन तापमापक शेजारीं टांगून हवेची ओल काढण्याची रीत निघाली, आणि कुलाब्यास १८२६ सालीं स्थापन झालेल्या वेधशाळेसारख्या संस्थांतून अशीं मापें दररोज घेण्याचा प्रघात पडला. त्या मापांचा सारांश असा कीं, हवा जितकी गरम तितकें अधिक पाणी ती पोटांत घेऊं शकते. तीस अंशांवर एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम पाणी मावतें, वीस अंशांवर १७, आणि दहा अंशांवर ९. म्हणजे गरम ओली हवा थंड केली कीं तिला अधिकचें पाणी टाकून द्यावेंच लागतें. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तो याच नियमानें. वाळवणाचीं आजचीं बहुतेक यंत्रें म्हणजे या पेल्याचाच विस्तार होय.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, हा पेला यंत्रांत बसविण्याची निकड प्रथम कोणा पूरग्रस्ताला भासली नाहीं. ती एका छापखान्याला भासली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत सॅकेट अँड विल्हेल्म्स नांवाचा रंगीत छपाईचा कारखाना होता. रंगीत चित्र छापतांना एकच कागद प्रत्येक रंगासाठीं निराळा यंत्राखालून जातो. आज पिवळा छापला, उद्यां तांबडा छापावयाचा, आणि मधल्या रात्रीं हवा ओलावली तर कागद किंचित् फुगतो. मग तांबडा रंग पिवळ्याच्या जागीं न बसतां केसभर बाजूला बसतो आणि चित्रांतल्या बाईला दोन ओंठ दिसूं लागतात. १९०२ सालीं विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनियरानें या कारखान्यासाठीं गार पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतली ओल ठरावीक ठेवण्याची योजना आंखली. ज्याला आज जग एअर कंडिशनिंग म्हणतें आणि खोली गार करण्याचें सुखसाधन समजतें, त्याचा जन्म थंडाव्यासाठीं झालाच नाहीं; तो कागद कोरडा ठेवण्यासाठीं झाला. कॅरियरनें पुढें १९११ सालीं हवेची ओल, उष्णता आणि वजन यांचे परस्परसंबंध सांगणारीं सूत्रें अमेरिकेच्या यंत्रज्ञांच्या संस्थेपुढें मांडलीं, आणि त्यांवरून काढलेले आलेख वाळवणाच्या धंद्यांत अजून वापरले जातात.

जातां जातां एक विचार मनांत येतो. त्याच काळांत राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईंत १८९४ सालीं निघाला आणि पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस नेण्यांत आला. त्या तसबिरींनाहि एकामागून एक अनेक रंगांचे दगड लागत. मळवलीच्या पावसांत त्या कारागिरांनीं कागद कसा सांभाळला असेल? आमच्या आजीच्या देवघरांतल्या लक्ष्मीचे ओंठ जागच्या जागीं आहेत, एवढी साक्ष मात्र आम्ही देऊं शकतों.

थंड करून पाणी टाकावयास लावणें ही एक रीत झाली. दुसरी रीत तहानलेल्या पदार्थाची. मीठ, कळीचा चुना, आणि रसायनशाळेंतलें कॅल्शियम क्लोराइड हे पदार्थ हवेंतलें पाणी ओढून घेतात. कपाटांत कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवणें हा छोट्या जागेपुरता उत्तम उपाय आहे. पण हिशेब केला म्हणजे त्याची धांव कळते. एक किलो कळीचा चुना फार तर सुमारें ३२० ग्रॅम पाणी घेतो. पुरानें भिजलेल्या खोलींतलें शंभर लिटर पाणी चुन्यानें शोषावयाचें ठरविलें तर तीनशें किलोंहून अधिक चुना लागेल आणि त्याच्या उष्णतेनें घरांत राहणें कठीण होईल. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत वॉल्टर पॅट्रिक यांनीं सिलिका जेल तयार करण्याची रीत बसविली. हा पदार्थ तापविला कीं प्यालेलें पाणी सोडतो आणि पुन्हां तहानेला होतो. औषधाच्या बाटलींत आणि नव्या जोड्यांच्या खोक्यांत निघणारी लहानशी पुडी ती हीच. असले तहानेले पदार्थ एका फिरत्या चाकांत भरून, चाकाच्या एका बाजूनें ओली हवा आणि दुसऱ्या बाजूनें तापलेली हवा सोडण्याचें यंत्रहि पुढें निघालें. थंड देशांत, जेथें गार नळ्यांवर पाण्याऐवजीं बर्फच धरतें, तेथें हें चाक फार उपयोगी पडतें. आमच्या किनाऱ्यावर त्याची गरज क्वचित्.

भिजलेल्या पुस्तकांच्या शुश्रूषेचें शास्त्र मात्र एका पुरानें निर्माण केलें. १९६६ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत आर्नो नदी शिरली आणि राष्ट्रीय ग्रंथालयांतले हजारों अमूल्य ग्रंथ चिखलांत व तेलांत बुडाले. देशोदेशींचे विद्यार्थी धांवून आले. पुस्तकें हातोहात बाहेर काढून, धुवून, पानांत भुसा व टिपकागद घालून, तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांत नेऊन सुकविण्यांत आलीं. कित्येक वांचलीं, कित्येकांचीं कातडी बांधणीचीं पुठ्ठे आणि चर्मपत्रें त्या घाईच्या आंचेनें आखडून गेलीं. त्या अनुभवांतून तज्ज्ञांनीं जो धडा घेतला तो वरवर पाहतां विचित्र वाटतो: पुस्तक लगेच वाळवितां येत नसेल तर तें गोठवा. १९७२ सालीं अमेरिकेंत कॉर्निंग येथील कांचेच्या संग्रहालयांत पूर शिरला तेव्हां भिजलेलीं पुस्तकें शीतगृहांत टाकून दिलीं गेलीं आणि पुढें सवडीनें निर्वात जागेंत, बर्फाचें पाणी न होऊं देतां थेट वाफ करून, वाळविण्यांत आलीं. गोठलेल्या पुस्तकांत बुरशी वाढत नाहीं, शाई पसरत नाहीं, पानें अधिक फुगत नाहींत. काळ थांबविला जातो.

हा काळ आमच्याकडे किती थोडा असतो हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ओल्या कागदावर बुरशी येण्यास साधारण दोन ते तीन दिवस लागतात असें ग्रंथरक्षक मानतात; आणि नोव्हेंबरांतल्या फ्लॉरेन्सच्या थंडीपेक्षां जुलैंतल्या ठाण्याची ऊब बुरशीला अधिक मानवते हें उघड आहे. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या खटपटीनें १८९३ सालीं स्थापन झालें. अशा संस्थांतून आणि त्याहून अधिक म्हणजे खाजगी घरांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं व विसाव्याच्या आरंभींचीं जीं मराठी पुस्तकें उरलीं आहेत त्यांचा कागद बहुतेक लाकडाच्या लगद्याचा, आम्ल आणि ठिसूळ. हातकागदाची पोथी एकदां भिजून वांचेल. त्या काळचें मासिक वांचणार नाहीं. अशा पुस्तकावर घरगुती पंख्याचा झोत सोडणें किंवा इस्त्री फिरविणें हा अत्याचार आहे. ओलें पुस्तक उघडूं नये, पानें सोडविण्याचा मोह आवरावा, चिखल असेल तर मिटलेल्या स्थितींतच साध्या पाण्यानें हलकेंच धुवावें, मेणकागदांत वेगवेगळें गुंडाळावें आणि शीतगृह गांठावें. शीतगृहें आपल्याकडे नाहींत असें नाहीं. मासळीसाठीं, मटारासाठीं, आइस्क्रीमसाठीं तीं मुंबई-ठाण्याच्या परिसरांत पुष्कळ आहेत. प्रश्न एवढाच कीं, पुराच्या दुसऱ्या दिवशीं दोनशें भिजलीं पुस्तकें घेऊन गेलेल्या ग्रंथपालाला तेथें आंत घेतील काय? हें बोलणें उन्हाळ्यांतच करून ठेवावयास हवें.

आतां घराकडे वळूं. पाश्चात्य देशांत पुरानें किंवा नळ फुटून भिजलेलें घर पूर्वस्थितीस आणणें हा एक स्वतंत्र धंदा झाला आहे, आणि त्या धंद्याची नियमावली १९९४ पासून अमेरिकेंत प्रसिद्ध होत आली आहे. तींत पाण्याचे तीन प्रकार केले आहेत: नळाचें स्वच्छ, सांडपाण्यासारखें मध्यम, आणि गटाराचें अथवा नदीच्या पुराचें दूषित. उल्हास-वालधुनीचें पाणी अर्थात् शेवटच्या प्रकारांत मोडतें, आणि त्यांत बुडालेली गादी किंवा कापसाची उशी वाळवून ठेवूं नये, टाकून द्यावी, हा नियम आमच्या काटकसरी कुटुंबांना कितीहि जड वाटला तरी बरोबर आहे. हे लोक हवेंतली ओल 'ग्रेन'मध्यें मोजतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा; एका पौंडांत असे ७००० दाणे, आणि एक दाणा आमच्या सोनाराच्या गुंजेच्या सुमारें निम्मा. अवाढव्य यंत्रांचें मोजमाप शेवटीं जवाच्या दाण्यानें व्हावें यांत आम्हांस एक प्रकारची घरगुती गोडी वाटते.

या धंद्यांत वापरलें जाणारें ओल काढण्याचें यंत्र, ज्याला डिह्युमिडिफायर म्हणतात, तें आतां आपल्या शहरांतूनहि भाड्यानें व विकत मिळतें. त्याच्या अंगावर 'दिवसाला तीस लिटर', 'दिवसाला पन्नास लिटर' असा आंकडा लिहिलेला असतो. या आंकड्याविषयीं वाचकांस सावध करणें आमचें कर्तव्य आहे. तो खोटा नसतो. पण तो कोणत्या हवेंत मोजला हें पाहावें लागतें. अमेरिकेंत तो बराच काळ सुमारें सत्तावीस अंश उष्णता आणि शेंकडा ६० ओल अशा हवेंत मोजीत. कांहीं विक्रेते मोठा आंकडा दिसावा म्हणून बत्तीस अंश व शेंकडा ९० अशा हवेंतला लिहितात. उलट २०१९ पासून अमेरिकेच्या सरकारी नियमानें घरगुती यंत्राची परीक्षा सुमारें अठरा अंशांच्या थंड हवेंत होऊं लागली, आणि त्याच यंत्राचा आंकडा एका रात्रींत लहान झाला. यंत्र तेंच, हवा वेगळी. ठाण्याच्या पावसाळ्यांत पहिल्या दिवशीं यंत्र आपल्या आंकड्याहूनहि अधिक पाणी काढील आणि घरधनी खूष होईल. खोली कोरडी होऊं लागली कीं बादली भरावयास उशीर लागूं लागतो. मग यंत्र बिघडलें अशी तक्रार होते. वास्तविक तें बिघडलेलें नसतें. हवेंत पाणी उरलेलें नसतें. जें उरलेलें असतें तें भिंतीच्या पोटांत असतें, आणि तें बाहेर यावयास वेळ लागतो.

याहून मोठी चूक खिडकीची. ओली खोली मोकळी ठेवावी, वारा खेळूं द्यावा, ही आपल्या रक्तांत मुरलेली समजूत आहे आणि हिंवाळ्यांत ती खरी आहे. भर पावसांत ती यंत्राचा घात करते. चार मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशी खोली घ्या. तींत ३६ घनमीटर हवा मावते, आणि ती हवा कांठोकांठ ओली असली तरी तिच्यांतलें सर्व पाणी एका लिटरच्या आंतबाहेर भरतें. आतां यंत्रानें ही हवा निम्म्या ओलीवर आणली असतां बाहेरची ८८ टक्के ओलीची हवा आंत आली, तर प्रत्येक वेळीं खोलीभर हवा बदलतांना सुमारें तीनशें ग्रॅम पाणी फुकट आंत येतें. दारें-खिडक्या बंद असूनहि फटींतून तासाला एकदां हवा बदलली असें धरलें तर दिवसाला आठ लिटर. खिडकी उघडी टाकून तासाला दहादां बदलली तर ऐंशी लिटरांच्या घरांत. तीस लिटरांचें यंत्र मग भिंत वाळवीत नसतें. तें आषाढ महिना वाळवीत असतें, आणि दिवसाला बारा-पंधरा युनिट वीज त्यापायीं जाते. पाऊस चालूं असेपर्यंत खोली बंद, आंत पंखा भिंतीच्या अंगानें फिरता, आणि यंत्राचें पाणी नळीनें थेट मोरींत: अशी व्यवस्था पाहिजे. ऑक्टोबर उजाडला कीं यंत्र बंद करावें आणि खिडक्या उघडाव्या. त्यानंतर जें काम वारा फुकट करतो त्यासाठीं पैसे मोजूं नयेत.

पाश्चात्य पुस्तकांतल्या मुदतीहि आपल्याकडे जशाच्या तशा लागू पडत नाहींत. तेथें भिजलेलें घर तीन ते पांच दिवसांत वाळवून दिलें असें वाचनांत येतें. तेथील घरांच्या आंतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. भिजलेले तक्ते कापून फेंकतात, गालिचा गुंडाळून फेंकतात, आणि उरलेली चौकट वाळवितात. आमची भिंत विटेची अथवा काँक्रीटची. नऊ इंच जाडीची, चार मीटर लांबीची विटांची भिंत एक मीटर उंचीपर्यंत भिजली तर ती दोनशें लिटर पाणी सहज पिऊं शकते. चार भिंतींचा हिशेब वाचकांनींच करावा. इंग्लंडांतील जुन्या गवंड्यांचा अंदाज असा कीं, भिजलेल्या भिंतीस वाळण्यास जाडीच्या दर इंचास एक महिना लागतो. हा ठोकळ अंदाज ठाण्यास लावून पाहिला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. आपला कोरडा काळ ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणजे आठ महिन्यांचा. नऊ इंची भिंत नऊ महिने मागते. जुलैंत भिजलेली भिंत निसर्गावर सोंपविली तर ती पुरती वाळण्यापूर्वींच पुढचा मृग लागतो. यंत्राचा खरा उपयोग येथें आहे: पावसाळ्यांतले ते दोन-तीन महिने वांचवून भिंतीला ऑक्टोबरपूर्वीं वाटेला लावण्यांत.

भिंतीवर काय फांसलें आहे यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. कल्याणच्या जुन्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा श्वास घेई. त्यांतून ओल दोन्ही अंगांनीं बाहेर पडे. त्याच वाड्यांच्या डागडुजींत जेव्हां चुना काढून सिमेंट थापतात आणि त्यावर तैलरंगाचा हात देतात, तेव्हां ते भिंतीचें तोंड दाबून धरतात. ओल मग वर चढते आणि दोन हात उंचीवर पापुद्रे काढते. घरमालक रंगाऱ्याला दोष देतो.

शेवटीं मिठाविषयीं. ठाण्यास आणि डोंबिवलीच्या पश्चिमेस खाडी जवळ; भरतीच्या वेळीं नाल्यांतून उलट येणाऱ्या पाण्यांत खारटपणा असतो. पाणी वाळतें, मीठ भिंतींत राहतें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेची ओल शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मीठ तिच्यांतलें पाणी ओढून विरघळूं लागतें. आमच्या जून ते सप्टेंबरांत ती मर्यादा बहुतेक दररोज ओलांडली जाते. म्हणून खाऱ्या पाण्यानें भिजलेली भिंत यंत्रानें खडखडीत वाळविली तरी पुढच्या पावसाळ्यांत, एक थेंब पाणी घरांत न येतां, ती पुन्हां ओली होते. लोक म्हणतात लोणा लागला. अशा भिंतीस प्रथम वाळविणें हें कामाचा क्रम उलटा करणें होय. चिखल ओला आहे तोंवरच ती गोड्या पाण्यानें दोनतीनदां धुवावी, मिठानें भरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढावा, आणि मग वाळवणीस आरंभ करावा. नवा गिलावा, शक्य तर चुन्याचा, त्यानंतरचा.

भिंत वाळली कीं नाहीं हें हातानें चांचपून कळत नाहीं, कारण वरचा थर आधीं वाळतो. एक हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. आंतल्या बाजूस दंव जमलें तर रंगाऱ्यास परत पाठवावें आणि पुढच्या महिन्यांत बोलवावें.